१९१८ चा हंगाम : साथ, सैन्य आणि महाविद्यालयीन फुटबॉल

१/
२८ सप्टेंबर १९१८, शनिवार. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी निघालेली भव्य मिरवणूक पाहण्यासाठी सुमारे दोन लाख लोक रस्त्याच्या दुतर्फा दाटीवाटीने उभे होते. त्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल संघ केस टेक महाविद्यालयाविरुद्ध मैदानात उतरला. प्रमुख प्रशिक्षक म्हणून नूट रॉकनी यांचा हा पहिलाच सामना होता आणि नोत्र दामने तो २६-६ असा जिंकला. पुढील काही आठवड्यांत फिलाडेल्फियात १२,००० च्या आसपास माणसे इन्फ्ल्यूएन्झाने दगावली. नोत्र दामचा संघ त्यानंतर थेट २ नोव्हेंबरला खेळला.

२/
आधुनिक इतिहासातील सर्वांत भीषण महासाथ शिगेला पोहोचली असताना अमेरिकेतील महाविद्यालयांचा फुटबॉल हंगाम कसाबसा का होईना, पार पडला. सामने रद्द झाले, संघ अर्धे रिकामे झाले, वेळापत्रके पुन्हा पुन्हा फाडून नव्याने लिहिली गेली. पण खेळ पूर्णपणे थांबला नाही. तो चालू ठेवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा मागोवा.

३/
प्रथम त्या काळातील या खेळाचे स्थान लक्षात घ्यावे लागेल. अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू, अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ आणि धडकाधडकीचा खेळ. आज प्रसिद्ध असलेली व्यावसायिक लीग १९२० मध्ये स्थापन झाली. १९१८ मध्ये या खेळाचे सर्वोच्च रूप म्हणजे महाविद्यालयीन सामने. येल, हार्वर्ड, मिशिगन, पिट्सबर्ग, जॉर्जिया टेक ही नावे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकत. त्यामुळे हंगाम होणार की नाही, हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नव्हता. तो साऱ्या देशाचा होता.

४/
अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली होती. ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस सक्तीच्या लष्करभरतीसाठीची किमान वयोमर्यादा २१ वरून १८ वर आणण्यात आली. याचा अर्थ स्पष्ट होता. महाविद्यालयांत शिकणारा जवळजवळ प्रत्येक धडधाकट तरुण सैन्यात ओढला जाणार, वर्ग ओस पडणार आणि अनेक संस्थांना टाळे लागणार. यावर युद्धखात्याने एक तोडगा काढला. विद्यार्थ्यांना छावणीत पाठवण्याऐवजी महाविद्यालयांनाच छावणीचे रूप द्यायचे.

५/
या योजनेचे नाव ‘स्टुडंट्स आर्मी ट्रेनिंग कोअर’, म्हणजेच विद्यार्थ्यांचे लष्करी प्रशिक्षण दल. १ ऑक्टोबर १९१८ रोजी देशभरातील ५०० हून अधिक शिक्षणसंस्थांमध्ये लाखाहून अधिक विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी सैनिक म्हणून शपथ घेतली. त्यांचे शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन यांचा भार सरकारने उचलला. शिवाय साध्या शिपायाचा दरमहा ३० डॉलर पगार. पहाटे बिगुल, मग कवायत, मग वर्ग, रात्री ठरलेल्या वेळी दिवे बंद. प्राध्यापकाच्या शब्दाहून लष्करी अधिकाऱ्याचा हुकूम वरचढ ठरू लागला.

६/
आता फुटबॉलचे काय? सैनिक झालेल्या खेळाडूला आठवड्याच्या अखेरीस दूरच्या गावी सामन्यासाठी सोडायचे की नाही, हे ठरवणारे प्रशिक्षक किंवा कुलगुरू राहिले नव्हते. ते युद्धखात्याच्या हाती गेले. मिशिगन, शिकागो, ओहायो स्टेट आदी विद्यापीठांच्या वेस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे आजच्या ‘बिग टेन’ने, आपले अधिकार लष्कराच्या हवाली केले. लष्कराने खेळाला परवानगी दिली, पण ऑक्टोबरमधील दूरचे प्रवास टाळण्याची अट घातली. नोव्हेंबरमध्येही मोजकेच दौरे करता येणार होते.

७/
परवानगीमागचे कारण खेळाविषयीचे प्रेम एवढेच नव्हते. धडक देणे, धडक सोसणे, एका इशाऱ्यावर अकरा जणांनी एकत्र हालचाल करणे हे सारे लष्कराला कवायतीचेच दुसरे रूप वाटत होते. अमेरिकन फुटबॉलचे जनक मानले जाणारे वॉल्टर कॅम्प त्या वेळी नौदलाच्या शारीरिक प्रशिक्षणाची धुरा सांभाळत होते. नौदल आणि लष्कराच्या छावण्यांनीही आपापले संघ उभे केले होते. मैदान हे रणांगणाची पूर्वतयारी आहे, ही केवळ उपमा राहिली नव्हती; ते सरकारी धोरण झाले होते.

८/
या व्यवस्थेचा एक परिणाम दूरगामी ठरला. एरवी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्यास मनाई असे. ज्येष्ठ खेळाडू युद्धावर गेल्यामुळे हा नियम १९१८ मध्ये बहुतेक ठिकाणी शिथिल झाला. सतरा-अठरा वर्षांची मुले थेट मोठ्या सामन्यांत उतरली. त्यांतील काहींनी पुढे या खेळाचा इतिहास घडवला. मात्र त्या शरद ऋतूत त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी संघाहून कितीतरी भयंकर शत्रू उभा होता.

९/
इन्फ्ल्यूएन्झाची पहिली, तुलनेने सौम्य लाट वसंत ऋतूतच अमेरिकेच्या लष्करी छावण्यांतून फिरून गेली होती. दुसरी लाट ऑगस्टअखेर बोस्टनच्या बंदरात दिसली आणि सप्टेंबरमध्ये जवळच्या कॅम्प डेव्हन्स छावणीत तिने हाहाकार उडवला. सैनिकांच्या रेल्वेगाड्यांबरोबर ती देशभर पसरली. रोगाचे कारण विषाणू आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. मानवी इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू वेगळा करण्यात यश आले ते १९३३ मध्ये. परिणामकारक लस नव्हती. फुप्फुसांत न्यूमोनिया उतरला तर त्यावर प्रतिजैविकेही नव्हती.

१०/
या साथीचे सर्वांत क्रूर वैशिष्ट्य तिने निवडलेल्या वयात होते. एरवी इन्फ्ल्यूएन्झा लहान बालकांचा आणि वृद्धांचा बळी घेतो. १९१८ मध्ये २० ते ४० या वयोगटातील सशक्त माणसे असाधारण प्रमाणात दगावली. सकाळी कवायत करणारा तरुण संध्याकाळी तापाने फणफणावा आणि चार-पाच दिवसांत त्याचा श्वास थांबावा, असे प्रसंग छावणीछावणीत घडले. ज्या वयात खेळाडू घडतो, नेमक्या त्याच वयाच्या उंबरठ्यावर मृत्यू उभा होता.

११/
आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. विद्यार्थी दलाचा शपथविधी १ ऑक्टोबरला झाला. ऑक्टोबर १९१८ हा अमेरिकेच्या दृष्टीने साथीचा सर्वांत घातक महिना ठरला. त्या एका महिन्यात सुमारे १,९५,००० अमेरिकन मरण पावले. नेमक्या त्याच वेळी देशभरातील तरुणांना घरांतून आणि खाजगी खोल्यांतून उठवून वसतिगृहांत, व्यायामशाळांत, घाईने उभारलेल्या बराकींत खाटेला खाट लावून झोपवण्यात आले. ज्या योजनेने महाविद्यालये वाचवली आणि हंगाम तगवला, तिनेच साथीला दाट गर्दीही पुरवली. अनेक ठिकाणी या नव्या बराकींचेच रुग्णालय करावे लागले.

१२/
ही लाट अमेरिकेपुरती नव्हती. मुंबईत हा आजार जूनमध्ये बंदरातून शिरला होता. सप्टेंबरमध्ये तो अधिक उग्र होऊन परतला आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ही साथ ‘मानमोडी’ या नावाने लक्षात राहिली. हिंदुस्थानातील एकूण बळींचे अंदाज सव्वा कोटीच्या पुढे जातात. एवढी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही देशात झाली नाही. अमेरिकेतील बळींचा आकडा ६,७५,००० च्या आसपास मानला जातो. क्लीव्हलँडच्या मैदानावरील तरुण आणि मुंबईच्या चाळीतील तरुण एकाच रोगाच्या छायेत उभे होते.

१३/
ऑक्टोबर उजाडताच फुटबॉलची वेळापत्रके कोलमडली. सामने थांबवणारी कोणतीही राष्ट्रीय संस्था नव्हती. निर्णय गावोगावच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे आणि छावणीप्रमुखांचे होते. एका शहरात बंदी, तर शेजारच्या शहरात मुभा. पेनसिल्व्हेनियात राज्याच्या आरोग्य विभागाने नाट्यगृहे आणि दारूची दुकाने बंद केली. मिशिगन ५ ऑक्टोबरला केस संघाविरुद्ध ३३-० ने जिंकला, त्यानंतर थेट ९ नोव्हेंबरला खेळला. पिट्सबर्गच्या हंगामाची सुरुवातच ९ नोव्हेंबरला झाली. मिसूरी विद्यापीठाचा संपूर्ण हंगाम बुडाला. येल, अलाबामा, टेनेसी यांसारख्या संस्थांनी त्या वर्षी अधिकृत संघच उतरवले नाहीत. तेथे मुख्य कारण युद्धाचे होते.

१४/
त्या काळातील सार्वजनिक मौनही येथे नोंदवायला हवे. युद्धकाळात जनतेचे मनोधैर्य खचेल असे काही बोलणे धोक्याचे होते. मे १९१८ च्या राजद्रोहविषयक कायद्याने सरकारवरील टीकेला तुरुंगाची भीती घातली होती. ‘घाबरू नका’ असा उपदेश अधिकारी आणि वृत्तपत्रे करत राहिली. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी या साथीविषयी एकही जाहीर निवेदन केल्याचे इतिहासकारांना आढळलेले नाही. क्रीडापृष्ठांवरही सामना ‘पुढे ढकलला’ एवढीच ओळ येई. अशा ओळीमागे किती खाटा भरल्या होत्या, हे वाचकाने ओळखायचे.

१५/
मैदानावरील गर्दीला मात्र अनेक ठिकाणी मोकळीक मिळाली, कारण मोकळी हवा आरोग्यदायी असते अशी तत्कालीन वैद्यकाची श्रद्धा होती. बंद नाट्यगृह घातक, उघडे मैदान सुरक्षित, असा हिशेब होता. त्यात तथ्याचा अंश होता. पण मैदानापर्यंत येणाऱ्या ट्राम, तिकिटांच्या रांगा आणि खेळाडूंच्या बंद खोल्या या हिशेबात धरल्या जात नव्हत्या. अटलांटा येथील जॉर्जिया टेकच्या मैदानावर १९१८ मध्ये टिपलेले एक छायाचित्र आज प्रसिद्ध आहे. त्यात प्रेक्षक शांतपणे सामना पाहत बसले आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडावर मुखपट्ट्या आहेत.

१६/
त्याच जॉर्जिया टेकचे धावफलक त्या हंगामाचे विचित्र असंतुलन सांगतात. जॉन हाइझमन यांच्या प्रशिक्षणाखालील या संघाने फर्मनला ११८-० ने, लष्कराच्या अकराव्या घोडदळाच्या संघाला १२३-० ने आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटला १२८-० ने हरवले. हे आकडे टेकच्या सामर्थ्याचे आहेत, तसेच प्रतिस्पर्ध्यांच्या दैन्याचेही. कुठे अनुभवी खेळाडू फ्रान्सच्या खंदकांत होते, कुठे सराव झालेला नव्हता, कुठे खेळाडू नुकतेच आजारातून उठले होते. विक्रमांच्या यादीत हे आकडे टिकून राहिले. त्यांमागची परिस्थिती यादीबाहेर राहिली.

१७/
९ नोव्हेंबर १९१८. नोत्र दामच्या मैदानावर शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल प्रशिक्षण केंद्राचा संघ आला. एका बाजूला प्रशिक्षक रॉकनी, त्यांचा गुणी खेळाडू जॉर्ज गिप आणि पहिल्या वर्षाला असूनही संघात आलेला कर्ली लँबो. दुसऱ्या बाजूला नौसैनिकांच्या संघात जॉर्ज हॅलस, पॅडी ड्रिस्कॉल आणि जिमी कॉन्झेलमन. सामना ७-७ असा बरोबरीत सुटला. पुढच्याच वर्षी लँबो याने ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. हॅलस हा शिकागो बेअर्सचा संस्थापक आणि व्यावसायिक लीगच्या आधारस्तंभांपैकी एक ठरला. अमेरिकन फुटबॉलची पुढची अनेक दशके ज्यांनी घडवली, ती माणसे साथ आणि युद्ध यांच्या कैचीत त्या हंगामात एकत्र आली होती.

१८/
दोनच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला युद्धविराम झाला. रस्तोरस्ती जल्लोष उसळला. अनेक शहरांत साथ ओसरू लागली होती आणि बंदी उठत होती. विद्यार्थी दलाचे प्रयोजनच संपले. पण विद्यार्थी अजून गणवेशात होते आणि हंगामाचे दोन-तीन आठवडे शिल्लक होते. ऑक्टोबरमध्ये बुडालेले सामने नोव्हेंबरमध्ये कोंबण्यात आले. १९१८ चा हंगाम म्हणून जो आज ओळखला जातो, त्याचा मोठा भाग या चार शनिवारांत आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत खेळला गेला.

१९/
या चार आठवड्यांचे केंद्र पिट्सबर्ग होते. पोलाद गाळणाऱ्या, धुराने काळवंडलेल्या या शहराच्या वाट्याला साथीचा सर्वांत जड घाव आला. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या तुलनात्मक अभ्यासात लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक मृत्यू पिट्सबर्गमध्ये झाल्याचे दिसते. सार्वजनिक ठिकाणांवरील बंदी उठली ती ९ नोव्हेंबरला आणि त्याच दिवशी पिट्सबर्ग विद्यापीठाचा पहिला सामना झाला. वॉशिंग्टन अँड जेफर्सन महाविद्यालयाविरुद्ध ३४-०. पुढच्या शनिवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध ३७-०.

२०/
२३ नोव्हेंबरला पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवर जॉर्जिया टेक आले. हा सामना युद्धनिधीच्या मदतीसाठी ठरवण्यात आला होता. १९१४ नंतर टेकचा संघ एकदाही हरलेला नव्हता. पिट्सबर्गचे प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनीही या संस्थेत आल्यापासून पराभव पाहिला नव्हता. हजारो प्रेक्षक लोटले. वॉल्टर कॅम्पही त्यांत होते. काही आठवड्यांपूर्वी ज्या शहरात शवपेट्यांची वानवा होती, तेथे आता उभे राहायला जागा नव्हती.

२१/
त्या दिवशीचा नायक टॉम डेव्हिस हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. सामान्य वर्षी त्याला या सामन्यात पाऊल ठेवण्याचीही परवानगी मिळाली नसती. त्याने टेकच्या संघाने लाथेने दूर उडवलेले दोन चेंडू झेलून, प्रतिस्पर्ध्यांना चकवत थेट गोलरेषेपार नेले, शिवाय चेंडू अचूक फेकून आपल्या सहकाऱ्यांकडूनही गुण मिळवून दिले. पिट्सबर्ग ३२-० ने जिंकले. दक्षिणेकडील अजिंक्य संघाची मालिका अशी एका नवख्या मुलाच्या पायांनी संपवली.

२२/
आठवड्याभरातच पिट्सबर्गचीही मालिका खंडित झाली. ३० नोव्हेंबरला क्लीव्हलँड येथील नौदलाच्या राखीव संघाने त्यांना १०-९ असे हरवले. वेळाधिकाऱ्याचे घड्याळ बिघडले होते आणि त्यामुळे आपला संघ नाडला गेला, अशी वॉर्नर यांची तक्रार होती. दरम्यान फील्डिंग योस्ट यांच्या मिशिगनने पाचही सामने जिंकले. ९६ गुण मिळवले, फक्त ६ दिले. त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता कोण, याचे उत्तर पुढे मूल्यमापन करणाऱ्या मंडळींनी दोन प्रकारे दिले. काहींनी पिट्सबर्गला, काहींनी मिशिगनला मान दिला. हे दोन संघ त्या हंगामात समोरासमोर आलेच नाहीत.

२३/
या हंगामातील सर्वांत चमत्कारिक प्रसंग मात्र अ‍ॅनापोलिस येथे घडला. २३ नोव्हेंबरला ग्रेट लेक्सचा संघ नौदल अकादमीविरुद्ध पिछाडीवर होता आणि अकादमी पुन्हा गुण मिळवण्याच्या बेतात होती. तेवढ्यात अकादमीच्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला. ग्रेट लेक्सच्या खेळाडूने तो उचलला आणि तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. त्याला कोणी अडवणार नाही असे दिसताच अकादमीचा एक राखीव खेळाडू बाकावरून उठला, मैदानात शिरला आणि त्याने धावणाऱ्याला खाली पाडले. गोंधळ माजला. अखेर ते गुण ग्रेट लेक्सलाच बहाल झाले आणि सामना ७-६ असा त्यांच्या नावावर लागला.

२४/
हंगामाचा मानाचा शेवट म्हणजे कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील ‘रोझ बोल’. १ जानेवारी १९१९ च्या या सामन्यात एकही महाविद्यालय नव्हते. ग्रेट लेक्सचे नौसैनिक आणि मेअर आयलंडचे मरीन सैनिक एकमेकांशी भिडले. ग्रेट लेक्स १७-० ने जिंकले. प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू मध्येच झेलून ७७ यार्ड धावणारा जॉर्ज हॅलस सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. महाविद्यालयीन खेळाचा सर्वोच्च सोहळा त्या वर्षी पूर्णपणे सैन्याच्या ताब्यात गेला होता. हंगाम कोणी तगवला, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर नाही.

२५/
डिसेंबरमध्येच विद्यार्थी दल मोडीत काढण्यात आले होते. गणवेश उतरले आणि महाविद्यालये पुन्हा महाविद्यालये झाली. या हंगामातील सहभाग अनेक खेळाडूंच्या पात्रतेच्या वर्षांत मोजला गेला नाही. त्यामुळे जॉर्ज गिप १९२० पर्यंत नोत्र दामकडून खेळू शकला. साथीच्या वर्षातून सुखरूप वाचलेला हा तरुण डिसेंबर १९२० मध्ये घशाच्या संसर्गाने आणि त्यानंतरच्या न्यूमोनियाने अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. प्रतिजैविके नसलेल्या जगात सुदृढ शरीर ही किती तोकडी ढाल होती, हे त्याच्या मृत्यूने पुन्हा दाखवले.

२६/
युद्धानंतरच्या दशकात महाविद्यालयीन फुटबॉलला अभूतपूर्व भरभराट आली. ओहायो स्टेटचे प्रचंड मैदान १९२२ मध्ये, पिट्सबर्गचे १९२५ मध्ये, मिशिगनचे १९२७ मध्ये उभे राहिले. इलिनॉय आणि नेब्रास्का येथील मैदानांना ‘मेमोरियल स्टेडियम’ म्हणजे स्मारक मैदान असे नाव मिळाले आणि ती युद्धातील हुतात्म्यांना अर्पण झाली. अमेरिकेच्या सैन्यात इन्फ्ल्यूएन्झा आणि न्यूमोनिया यांनी घेतलेले बळी सुमारे ४५,००० होते. रणांगणावरील बळींच्या संख्येपासून हा आकडा फार दूर नाही. मात्र दगडात कोरला गेला तो युद्धाचा उल्लेख. साथीला त्या स्मृतीत स्वतंत्र जागा मिळाली नाही.

२७/
हे विस्मरण इतके दाट होते की इतिहासकार आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी १९७६ मध्ये या साथीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा अमेरिकेच्या स्मृतीतून ती कशी पुसली गेली हाच एक अभ्यासविषय ठरला. १९८९ च्या नव्या आवृत्तीला त्यांनी ‘अमेरिकाज फरगॉटन पँडेमिक’, म्हणजे अमेरिकेची विसरलेली महासाथ, हेच नाव दिले. क्रीडा-इतिहासातही १९१८ हे वर्ष ‘युद्धामुळे तोकडा झालेला हंगाम’ म्हणून नोंदले जात राहिले. मुखपट्ट्या लावलेल्या प्रेक्षकांचे अटलांटामधील ते छायाचित्र जगभर पसरण्यासाठी २०२० साल उजाडावे लागले.

२८/
२०२० मध्ये कोविडच्या साथीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. ५ ऑगस्टला कनेक्टिकट विद्यापीठाने आपला फुटबॉल हंगाम रद्द केला. ११ ऑगस्टला बिग टेनने शरद ऋतूतील सामने पुढे ढकलले. खेळाडूंच्या एका गटाने ‘आम्हाला खेळायचे आहे’ अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली. त्याच वेळी सुरक्षिततेची हमी आणि खेळाडूंची संघटना यांचीही मागणी झाली. १६ सप्टेंबरला बिग टेनने आपला निर्णय फिरवला. या वेळी निर्णयावर लष्कराची नव्हे, तर दूरचित्रवाणी हक्कांच्या प्रचंड रकमांची, राजकारणाची आणि वैद्यकीय सल्ल्याची ओढाताण होती.

२९/
दोन्ही हंगामांतील साम्ये लक्षणीय आहेत. १९१८ प्रमाणेच २०२० चे वर्षही खेळाडूंच्या पात्रतेत मोजायचे नाही, असा निर्णय झाला. दोन्ही वेळा सामने अखेरच्या क्षणी रद्द झाले आणि संघांनी असमान संख्येने सामने खेळले. ओहायो स्टेटने नियमित हंगामात अवघे पाच सामने खेळले, तरी तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तेथे अलाबामाकडून ५२-२४ ने हरला. रोझ बोल मात्र १९१९ मध्ये पासाडेनातच झाला होता. २०२१ च्या आरंभी निर्बंधांमुळे तो टेक्सासला हलवावा लागला.

३०/
फरक अधिकाराचा आहे. १९१८ चा खेळाडू सैनिक होता. ‘मी खेळणार नाही’ असे म्हणण्याची मुभा त्याला नव्हती आणि रोगाविषयीची खरी माहितीही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. २०२० चा खेळाडू माघार घेऊ शकत होता, त्याची शिष्यवृत्ती सुरक्षित राहणार होती आणि रोजचे आकडे त्याच्या हातातील फोनवर होते. उलट १९१८ च्या खेळाडूला शिपाई म्हणून ३० डॉलर पगार तरी मिळत होता. २०२० मध्ये ज्याच्या खेळावर कोट्यवधी डॉलरची उलाढाल होत होती, त्याला शिष्यवृत्तीपलीकडे वेतन नव्हते.

३१/
म्हणून १९१८ च्या हंगामाचा इतिहास वाचताना धावफलकाइतकेच लक्ष तारखांच्या मधल्या मोकळ्या जागांकडे द्यावे लागते. २८ सप्टेंबर ते २ नोव्हेंबर. ५ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर. या पाच-पाच आठवड्यांत एकही सामना नाही, म्हणून विक्रमांच्या पुस्तकात तेथे काहीच लिहिलेले नाही. त्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांच्या वाट्याला जे आले, त्याचा बराचसा भाग त्या न लिहिलेल्या आठवड्यांत घडला.